पुणेकर, पुणेरी आणि ‘मूळच्या कुठल्या?’

एका वाचक ताईंनी विचारले आहे: माहेर आणि सासर दोन्ही वाई तालुक्यातले, लग्नानंतर मात्र सगळा संसार पुण्यात झाला, मुले इथेच वाढली. गावी गेल्या की भावकीतल्या बायका ‘पुणेकर आल्या’ म्हणतात; पुण्यात सोसायटीत कुणी नवे भेटले की पहिला प्रश्न ‘मूळच्या कुठल्या?’ मग पुणेकर म्हणवून घेण्याचा हक्क कशाने येतो? जन्माने, राहण्याने, की पिढ्या मोजून? ‘मूळ पुणेकर’ हा प्रयोग बरोबर आहे का? आणि बाईने ‘पुणेकरीण’ म्हणावे का?

आधी ‘-कर’कडे पाहू. हा प्रत्यय गावाला लागतो, प्रदेशाला सहसा लागत नाही. सातारकर, नाशिककर, लातूरकर. पण प्रदेश आला की वऱ्हाडी, खानदेशी, माणदेशी, कोकणी. शिवाय गावाचे नाव तेच ठेवून मराठीने माणूस आणि वस्तू वेगळ्या केल्या आहेत. माणूस सोलापूरकर, चादर सोलापुरी. माणूस कोल्हापूरकर, चप्पल कोल्हापुरी. माणूस पुणेकर, पगडी पुणेरी. माणसाला ‘पुणेरी’ म्हटले तर त्याच्या पत्त्याबद्दल काही कळत नाही, बोलण्याचालण्याची ढब कळते. त्यामुळे पुणेरी नसलेला पुणेकर असू शकतो, आणि पुण्यात कधीच न राहिलेला पुणेरी माणूसही भेटतो. ‘खरा पुणेकर कोण’ यावरचे बरेचसे वाद या दोन शब्दांची सरमिसळ झाल्यामुळे होतात असे मला वाटते. एक जण राहण्याबद्दल बोलत असतो, दुसरा स्वभावाबद्दल.

आता आडनावे पाहा. होळ हे नीरेकाठचे गाव. त्या गावावरून होळकर हे नाव पडले, आणि ते गाजले माळव्यात, इंदुरात. फलटणच्या राजघराण्याचे नाव निंबाळकर, ते निंबळक गावावरून. खुद्द गावात सगळेच त्या गावचे, तिथे गावाच्या नावाने एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. म्हणून ‘-कर’ बहुधा वेशीबाहेर पडल्यावर चिकटतो, आणि तो लावतात इतर लोक. या आडनावात आपण कुठून आलो ते सांगितलेले असते.

कधी गाव जाते आणि ‘-कर’ राहतो. मोगूबाई कुर्डीकर हे गायिकेचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचे गोव्यातले कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की विस्थापित कुर्डीकर आपल्या जुन्या देवस्थानाशी जमतात, उत्सव करतात. गावात आज एकही घर नांदते नाही, तरी ही माणसे कुर्डीचीच. रहिवासाचा दाखला मागणाऱ्याने इथे काय करावे?

कोकणात तर या प्रत्ययाची दिशा दिवसाढवळ्या फिरते. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून एसटी भरून चाकरमानी उतरले की गावात म्हणतात, ‘मुंबईकर आले.’ हीच माणसे मुंबईत लालबाग-परळच्या चाळीत एकमेकांची ‘गाववाली’. गिरण्या चालू होत्या तेव्हा अनेक गावांनी तिथे गावाच्या नावाची खोली घेतलेली असे; नोकरी शोधायला आलेला पोरगा आधी त्या खोलीत पथारी टाकायचा. आजही कित्येक वाड्यांच्या मंडळाला ग्रामीण कमिटी वेगळी आणि मुंबई कमिटी वेगळी असते. असा माणूस कुठला? गावाने याचे उत्तर फार पूर्वी ठरवून ठेवले आहे: त्याची वर्गणी गावकीत येते का, पालखी त्याच्या दारात थांबते का, भावकीच्या कार्याला तो उभा राहतो का. हे होत असेल तर तो वर्षाचे साडेअकरा महिने डोंबिवलीत राहिला तरी गावचाच.

ताई, तुम्हाला ‘पुणेकर’ म्हणणाऱ्या बायकाही हेच करत आहेत. तुम्ही कुठून आलात एवढेच त्या सांगतात, तुम्हाला परकी ठरवत नाहीत. गावात तुमच्याशिवाय पुण्याची कुणी नाही, म्हणून तुम्ही पुणेकर.

‘मूळचा’ हा शब्द याच्या उलट बाजूने येतो. तो जरा लक्ष देऊन ऐका. ‘ते मूळचे सांगलीचे’ हे वाक्य सांगलीत सहसा ऐकू येत नाही. सांगलीत म्हणतात, ‘इथलेच आहेत.’ म्हणजे ‘मूळचा’ म्हटले की माणूस तिथून निघालेला आहे हे गृहीत धरलेले असते. ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नात ‘इथले नसणार’ हा अंदाज दडलेला असतो, म्हणून तो तुम्हाला टोचतो. विचारणाऱ्याच्या मनात वाकडे नसेलही. आपल्याकडे ओळख काढायची, कुणी पाव्हणा निघतो का ते पाहायचे, तर गावापासूनच सुरुवात होते.

अरबीतून आलेल्या ‘अस्सल’च्या पोटातही ‘मूळ’ हाच अर्थ आहे. पण वापरात दोघे लांब गेले. अस्सल म्हणजे भेसळ नसलेले, आणि हा शब्द तांबड्या रश्श्यालाही चालतो. ‘मूळ पुणेकर’ म्हणणाऱ्याला पुष्कळदा ‘अस्सल पुणेकर’ म्हणायचे असते, आणि मग वंशाचा दाखला गुणाच्या दाखल्यासारखा पुढे केला जातो. व्याकरणाने ‘मूळ पुणेकर’ चुकीचे नाही. पण ज्याला ‘चार पिढ्या पुण्यात’ म्हणायचे आहे त्याने सरळ तसे म्हणावे. ते स्पष्टही आहे आणि त्यात दुसऱ्याला खाली बसवणे नाही.

जुन्या कागदांत हा भेद उघड होता. मराठा अमलातल्या गावात मिरासदार वेगळा आणि उपरी वेगळा. मिरास म्हणजे वारसाने आलेला हक्क. हाही अरबी शब्द. मिरासदार दुष्काळात परागंदा झाला, वर्षानुवर्षे परमुलखात राहिला, तरी परतल्यावर आपले शेत मागू शकत असे. उपरी कुणब्याला तो हक्क नसे. तो कौलावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, जमीन कसायचा, पटले नाही तर दुसऱ्या गावी जायचा. आज आपण ‘उपरा’ म्हणतो तो या उपरीच्या घरातला. मात्र मिरासदाराला नुसता मान नव्हता, बोजाही होता. उपरीला सवलतीचा कौल देऊन बोलवावे लागे. मिरासदाराला सरकारदेणे आणि गावखर्च टळत नसे. हक्क आणि देणे एकाच शब्दात बांधलेले होते. ‘आम्ही इथले’ असे आज म्हणताना हक्काची बाजू आठवते, देण्याची सुटते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गोव्यात गांवकार हा शब्द याहून कडक. गाव वसवणाऱ्या घराण्यांचे वंशज ते गांवकार. गांवकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या, उत्पन्नातला वाटा त्यांचा; त्याला जोण म्हणतात. पोर्तुगिजांनी १५२६ साली या चालीरीतींची सनद लिहून काढली, पण चाली त्याआधीच्या. उलट मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर बांधून राहणारा, पिढ्यानपिढ्या त्याच अंगणात वाढला तरी गांवकार होत नसे. केवळ राहण्याने माणूस तिथला होतो असे आपल्या भाषेने सरसकट कधीच मानलेले नाही, हे कबूल करायला हवे.

सरकारने मात्र वर्षे मोजली. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात सरकारी नोकरीसाठी ‘मुल्की’, म्हणजे राज्यातला रहिवासी, असावे लागे, आणि त्यावरून १९५२ साली मोठे आंदोलन पेटले. बाहेरून आलेल्यालाही पंधरा वर्षे राहून मुल्की होता येई, पण एक प्रतिज्ञापत्र द्यावे लागे: मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार मी सोडला आहे. हा नियम मला फार अन्यायाचा वाटतो. कोकणातल्या कोणत्या चाकरमान्याने असल्या कागदावर मनापासून सही केली असती?

आपल्या लग्नपत्रिका आणि दस्तऐवज यापेक्षा समंजस आहेत. तुमच्या वाई तालुक्यातल्या भुईंजचे उदाहरण घ्या: ‘रा. भुईंज, ह. मु. पुणे’ असे लिहितात. ‘रा.’ म्हणजे राहणार, ‘ह. मु.’ म्हणजे हल्ली मुक्काम. एका ओळीत दोन्ही गावे नांदतात, कुणी कुणाला खोडत नाही. पण ज्यांचे घर, मतदान, म्हाताऱ्या माणसांचे दवाखाने, मुलांच्या शाळा सगळे पुण्यात झाले, त्यांनी पुण्याला ‘हल्ली मुक्काम’ म्हणत राहणे मला बरोबर वाटत नाही. तिथे ‘रा. पुणे, मूळ गाव भुईंज’ हाच क्रम योग्य. तेव्हा तुम्ही पुणेकर आहात, कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि तुमच्या गावच्या यात्रेची वर्गणी तुमच्या घरून जात असेल, तर तुम्ही तिथल्याही आहात.

राहिला ‘पुणेकरीण’. ‘-कर’ स्त्री-पुरुष दोघांना चालतो. ‘त्या पुणेकर आहेत’ हे पूर्ण शुद्ध आहे. ‘पुणेकरीण’, ‘मुंबईकरीण’ ही रूपे बोलण्यात आहेत, त्यांत थोडी सलगी आहे, कधी थोडा ठसका. औपचारिक लेखनात ‘पुणेकर’ लिहावे, घरात ‘पुणेकरीण’ खुशाल म्हणावे. बायकांच्या बाबतीत आणखी एक चाल लक्षात घेण्यासारखी आहे: भाचरे आत्यांना सासरच्या गावाने ओळखतात. ‘सातारची आत्या’, ‘कराडची आत्या’. जन्मगाव सगळ्यांचे एकच असते, म्हणून ते नावात येत नाही.