तारण, मोक्ष आणि इमान

प्रश्न असा आला आहे की, ख्रिस्ती लोक म्हणतात ते ‘विश्वासाने तारण’ आणि बँकेचे ‘सोने तारण कर्ज’ यांतील तारण हा शब्द एकच आहे काय, आणि असल्यास विश्वास ही देवाकडे गहाण ठेवायची वस्तू समजायची काय. शब्द एकच आहे. ‘तॄ’ म्हणजे पार होणे, त्याचे प्रयोजक रूप तारणे. कर्ज बुडू लागले की धनकोला जे तारते ते तारण, असे मी मानतो.

खरा राग आहे तो तारण म्हणजे ‘मोक्ष’ असे सांगून मोकळे होणाऱ्या व्याख्यात्यांचा. मोक्षात ‘मुच्’ धातू आहे आणि सुटका जन्ममरणाच्या फेऱ्यातून आहे. ख्रिस्ती तारण पापापासून आहे आणि तारणारा दुसरा कोणीतरी असावाच लागतो. बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू या नावाचा खुलासाच ‘तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील’ असा केला आहे. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गाला वैकुंठ म्हटले, पण त्यांना नवा धर्म गोव्यातील श्रोत्यांच्या ओळखीच्या शब्दांत सांगायचा होता, आजच्या व्याख्यात्याला ती सबब नाही.

गहाणाचे उत्तर बायबलातील इफिसकरांस पत्रातील २:८ या वचनातच आहे: ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे’, आणि पुढे ‘हे देवाचे दान आहे’. येथे ‘ने’ कृपेला लागला आहे, विश्वासाला केवळ ‘द्वारे’. दानासाठी कोणी गहाण मागत नाही.

आता ज्या शब्दाकडे कोणी पाहत नाही त्याकडे वळू. ‘नीतिमान विश्वासाने जगेल’ हे प्रेषित पौलाचे आणि पुढे प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरचे आधारवचन मुळात बायबलच्या जुन्या करारातील हबक्कूक संदेष्ट्याचे आहे, आणि तेथे हिब्रू शब्द ‘एमुना’ आहे. त्याचा धातू अ-म-न, म्हणजे पक्के, टिकाऊ, भरवशाचे असणे. त्याच धातूतून प्रार्थनेअखेरचे ‘आमेन’ आले. अरबीतील त्याच्या भावंडातून ‘इमान’ आले. आणि अरबी ‘अमानत’ मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाली. म्हणजे निवडणुकीत अनामत जप्त झालेला उमेदवार आणि चर्चमध्ये आमेन म्हणणारा भाविक एकाच धातूच्या आश्रयाला आहेत.

म्हणून माझे जुने मत असे की, एमुनासाठी ‘विश्वासा’पेक्षा ‘इमान’ सरस ठरले असते. विश्वास मनात बसून राहू शकतो. इमान राखावे लागते, आणि ‘क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे’ हे बायबलातील याकोबाच्या पत्राचे म्हणणे त्या शब्दात आयतेच येते. यावर लूथरपंथी अभ्यासकांचा आक्षेप ठरलेला असतो की, अशाने कर्मे मागल्या दाराने आत येतील आणि तारण पुन्हा कमाई होईल. लूथरने रोमकरांस पत्राच्या ३:२८ मध्ये ‘विश्वासाने’च्या आधी मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द जर्मन भाषांतरात घातला आणि त्याचे समर्थनही केले, तेव्हा त्याच्या अनुयायांनी शब्दनिवडीबाबत इतके सोवळे पाळू नये. दुसरा आक्षेप इमान हा शब्द परका असल्याचा. तो घेणाऱ्यांनी आधी ‘बेइमान’ आणि ‘इमानेइतबारे’ हे दोन शब्द टाळून वर्षभर मराठी बोलून दाखवावी.