अर्ध्या वाटेतून परत आलेला मुलगा

प्रश्न (थोडक्यात): मुलगा फ्लाइंग स्कूलमध्ये आहे. एकट्याने करायच्या लांबच्या उड्डाणात समोर धुरकट दिसलं म्हणून तो अर्ध्यातून परतला. त्याच दिवशी बरोबरच्या दोघांनी ते पूर्ण केलं. उड्डाणाचे तास मागे पडतायत, कर्जाचे हप्ते चालू आहेत. मुलगा भित्रा आहे का? त्याला धीट कसं करावं, की दुसरं क्षेत्र बघावं?

उत्तर: तुमचं पत्र वाचताना मला बरं वाटलं ते एकाच ठिकाणी, तो परत आला तिथे. पुढचं वाचून मात्र काळजी वाटली. त्या रात्री तुम्ही त्याला फोनवर विचारलंत, "बाकीचे गेले, तूच का परतलास?" साहेब, हा प्रश्न आता पुढच्या उड्डाणात त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसून जाणार. खाली ढग उतरत असतील आणि कानात तुमचा आवाज असेल.

वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, ठरलेले तास, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसताही फक्त उपकरणांवर उडण्याची पात्रता) हा क्रम तुम्हाला पाठ आहे, त्यावर बोलत नाही.

"सरळच तर जायचं होतं, दोन मिनिटं दिसलं नाही तर काय बिघडतं?" असं तुम्ही लिहिलंय. बिघडतं ते कानात. फिरत्या खुर्चीवर डोळे मिटून बसा आणि चिरंजीवांना खुर्ची एकाच वेगाने हळूहळू फिरवायला सांगा. थोड्या वेळाने तुम्हाला वाटेल, खुर्ची थांबली. त्याने खरंच थांबवली की वाटेल, उलटी फिरतेय. आतल्या कानातल्या द्रवाचा हा खेळ आहे, त्यात हिंमत काही करू शकत नाही. क्षितिज दिसेनासं झालं की पायलटचंही हेच होतं. विमान कलंडून वळत असतं, त्याला सरळ वाटतं. नाक खाली जातं, तो कंट्रोल ओढतो, गिरकी आणखी आवळत जाते. इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० पायलटांना बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था करून उडवून पाहिलं. विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तुमची दोन मिनिटं म्हणजे १२०.

रेटिंग मिळालं की निश्चिंत, असंही समजू नका. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर ढगांत सापडून टेकडीवर आदळलं, नऊ जण गेले. पायलट अनुभवी होता, रेटिंगही होतं. आपण वर चढतोय असं तो जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरला सांगत होता आणि हेलिकॉप्टर खाली येत होतं. तपासात वैमानिकाने स्वतःच स्वतःवर घेतलेल्या दबावाचाही उल्लेख आहे. त्याला तर घरून कुणी फोनही केला नव्हता!

ते दोघं पोहोचले म्हणून त्यांचा निर्णय बरोबर ठरत नाही. त्या दिवशी निभावलं, एवढंच.

तेव्हा धीट करण्याचे उपाय माझ्याकडे मागू नका, माझ्याकडे ते नाहीत. रोज रात्रीचं "आज किती तास झाले?" बंद करा. हप्त्यांचं बँकेशी बोला, मुदत वाढवून मिळते का विचारा. ते ओझं त्याच्या कॉकपिटमध्ये ठेवू नका. इन्स्ट्रक्टरला भेटायचंच असेल, तर तासांऐवजी एवढंच विचारा: उड्डाण रद्द करून परतलेल्या विद्यार्थ्याशी तुमच्याकडे कसं वागतात? उत्तर देताना ते हसले, तर स्कूल बदलायचा विचार करा.

राहता राहिलं दुसरं क्षेत्र. चार पानी पत्रात त्याला स्वतःला उडायचं आहे की नाही, हे कुठेच नाही. ते त्याने लिहावं, मी उत्तर देईन. तुम्ही ते आधी वाचू नका.