घरी कॉफी भाजायला सुरुवात करताना कोणते यंत्र घ्यावे आणि नोंदी कशा ठेवाव्यात?

ठाण्यातील फ्लॅटमध्ये, पंचवीस हजार रुपयांच्या आत, दोन माणसांच्या दिवसाला चार कपांपुरती कॉफी घरी भाजायची असेल तर कोणते यंत्र घ्यावे आणि तापमानाचा आलेख लॅपटॉपवर उमटवणारी साधने पहिल्या दिवसापासूनच घ्यावीत का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात गेली सहा वर्षे घरी कॉफी भाजत आहे आणि या काळात तीन यंत्रे बदलली आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की नोंदवही यंत्राच्या आधी यायला हवी आणि तापमापक यंत्राच्या नंतर. आपण हा क्रम उलटा धरला आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर लिहितो.

आधी गरजेचा हिशेब करू. एका कपाला १५ ग्रॅम धरले तर चार कपांना रोज ६० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला ४२० ग्रॅम भाजलेली कॉफी लागेल. भाजताना साधारण १५ टक्के वजन घटते, तेव्हा कच्ची कॉफी सुमारे ५०० ग्रॅम हवी. एका वेळी ८० ते १०० ग्रॅम भाजणाऱ्या साधनावर हे पाच-सहा घाण्यांचे काम आहे, तर अर्ध्या किलोच्या ड्रमवर, म्हणजे बिया आत घालून फिरवत भाजायच्या पिंपावर, एकाच घाण्याचे. मोठा ड्रम सोयीचा वाटतो, परंतु शिकणाऱ्याच्या दृष्टीने लहान घाणा फायद्याचा असतो, कारण पाच किलो कच्च्या कॉफीत शंभर ग्रॅमचे पन्नास घाणे होतात आणि अर्ध्या किलोचे फक्त दहा. हात आणि कान तयार होतात ते घाण्यांच्या संख्येमुळे.

लोखंडी कढईत भाजता येते आणि ज्याने घरात शेंगदाणे किंवा चकलीची भाजणी भाजली आहे त्याला आच कशी राखावी हे समजते. तरीही कढईत बियांची तळाशी टेकणारी बाजू आधी करपते आणि आतला भाग कच्चट राहतो, म्हणून एकदोन घाणे गंमत म्हणून करावेत, त्याहून अधिक नाही. हीट गन (खूप गरम हवा सोडणारे हातातले यंत्र) आणि स्टीलचे खोलगट भांडे हा स्वस्त आणि खरोखर चांगला मार्ग आहे, मात्र दहा मिनिटे एका हाताने गन धरून दुसऱ्या हाताने ढवळत राहावे लागते आणि फोलपटे, म्हणजे बियांवरची सुटणारी पातळ साल, घरभर उडतात. आपल्याला बाल्कनी असेल तरच तो विचार करावा.

आपल्या परिस्थितीत मी गरम हवेच्या पॉपकॉर्न पॉपरने सुरुवात करण्याचा सल्ला देईन. तो घेताना आत वाकून अवश्य पाहावे. गरम हवा भांड्याच्या बाजूच्या तिरप्या फटींतून येत असेल तर बिया गोल फिरतात आणि फोलपटे वर उडून बाहेर पडतात, परंतु हवा तळाच्या जाळीतून येत असेल तर तीच फोलपटे खाली तापलेल्या तारेवर पडून पेट घेऊ शकतात. असा पॉपर कॉफीसाठी मुळीच वापरू नये. लाह्या दोन-तीन मिनिटांत होतात आणि कॉफीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे दोन घाण्यांच्या मध्ये पॉपरला अर्धा तास विश्रांती द्यावी. बहुतेक पॉपरमध्ये आच कमीजास्त करण्याची सोय नसते. बियांचे प्रमाण पाच-दहा ग्रॅमने बदलून वेग थोडा बदलता येतो, एवढाच लगाम आपल्या हाती असतो. वीस-पंचवीस घाण्यांनंतर हा लगाम अपुरा पडू लागेल, तेव्हा गॅसच्या शेगडीवर ठेवण्याचा, मोटरने फिरणारा दोन-तीनशे ग्रॅमचा ड्रम घ्यावा. ड्रम घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: चालू असताना बिया दिसतात किंवा नमुना बाहेर काढता येतो का, बियांचा आवाज मोटरच्या आवाजावर ऐकू येतो का, आणि बियांच्या थरात तापमापकाची सळई घालण्यासाठी भोक आहे किंवा पाडता येईल का. यांपैकी एकही सोय नसेल तर ते यंत्र कितीही देखणे असले तरी घेऊ नये.

व्हिडिओंत दिसणारी फ्रेश रोस्ट किंवा बेहमोर यांसारखी अमेरिकेत लोकप्रिय असलेली यंत्रे मागवण्याचा मोह होतो, म्हणून एक सावधगिरी सांगतो. तिकडची घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची आहे आणि आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. २३० व्होल्टची आवृत्ती असल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय मागवू नये. सोळाशे वॉटच्या यंत्राला दोन हजार व्हीएचा अवजड ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तोही फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे काही प्रकारच्या मोटरी ठरलेल्या गतीच्या पाच-षष्ठांशानेच फिरतात.

वीज हा विषय निघालाच आहे तर नोंदवहीतला पहिला महत्त्वाचा रकाना सांगतो. विजेवर तापणाऱ्या तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संध्याकाळी २३० चे २१० व्होल्ट झाले तर उष्णता सुमारे १७ टक्क्यांनी घटते. दुपारी आठ मिनिटांत होणारा घाणा रात्री अकरा मिनिटे का रेंगाळतो, हे मला कितीतरी दिवस समजले नव्हते आणि मी दोष बियांना देत होतो. साध्या मल्टिमीटरने प्रत्येक घाण्याच्या आधी व्होल्टेज मोजून लिहिले की हे कोडे सुटते. यंत्र १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच जोडावे, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही.

आता वहीकडे येतो. पहिल्या वीस घाण्यांसाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि कागद एवढेच पुरेसे आहे. एक ग्रॅमपर्यंतच मोजणारा काटा शंभर ग्रॅमच्या घाण्यात घटीच्या टक्केवारीत जवळजवळ एका टक्क्याची चूक करू शकतो, आणि आपल्याला तर तेवढाच फरक ओळखायचा आहे. प्रत्येक घाण्याला पुढील गोष्टी लिहाव्यात: बियांचे नाव आणि प्रक्रिया, कच्चे वजन, खोलीचे तापमान, व्होल्टेज, बिया पिवळ्या पडल्याची वेळ, फर्स्ट क्रॅक सुरू झाल्याची वेळ, बिया बाहेर काढल्याची वेळ आणि भाजल्यावरचे वजन. फर्स्ट क्रॅक म्हणजे लाह्या फुटाव्यात तसा ठसठशीत आवाज, तर सेकंड क्रॅक म्हणजे फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक आणि भराभर येणारा आवाज. हे दोन आवाज एकदा कानात बसले की चुकत नाहीत.

उदाहरणासाठी माझ्या वहीतील एक घाणा पाहा. १०० ग्रॅम बिया घातल्या, फर्स्ट क्रॅक ७ मिनिटे ४० सेकंदांना सुरू झाला, ९ मिनिटे १० सेकंदांना बिया काढल्या आणि वजन ८५.५ ग्रॅम भरले. म्हणजे घट साडेचौदा टक्के, आणि क्रॅकनंतरचा काळ ५५० सेकंदांपैकी ९०, म्हणजे सुमारे १६ टक्के. कच्च्या बियांत मुळातच १० ते १२ टक्के ओलावा असतो, त्यामुळे घट १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर भाजणी हलकी, १४ ते १६ असेल तर मध्यम आणि १८ च्या पुढे गेली तर गडद, असे ढोबळपणे धरता येते. या दोन आकड्यांना कोणताही तापमापक लागत नाही आणि चवीशी त्यांचे नाते मला पहिल्या दहा-बारा घाण्यांतच दिसू लागले.

ड्रम आल्यानंतर तापमापक घ्यावा आणि तो एकच घ्यावा, बियांच्या थरातला. के प्रकारचे थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या सांध्यावरून तापमान सांगणारी सळई) तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक सळईचे असावे, कारण सहा मिलिमीटरची जाड सळई स्वतः तापायला वेळ घेते आणि बातमी उशिरा देते. तिचे टोक पूर्णपणे फिरत्या बियांत बुडलेले असावे आणि धातूच्या भिंतीला टेकू नये. तार वाढवायची असल्यास के प्रकारचीच तार जोडावी, साध्या तांब्याच्या तारेने आकडा बिघडतो. गरम केल्यावर आकडा वाढण्याऐवजी उतरू लागला तर दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत असे समजावे. बसवण्यापूर्वी उकळत्या पाण्यात तपासावे: आपल्याकडे ठाण्यात तो १०० अंशांच्या जवळ दिसला पाहिजे, मला पुण्याच्या उंचीमुळे ९८ दिसतो.

सळई घट्ट बसवणे किती आवश्यक आहे हे मी नुकसान सोसून शिकलो. एकदा स्क्रू सैल होऊन सळई इंचभर बाहेर सरकली, आलेखात तापण्याचा वेग घसरताना दिसला आणि मी बियांकडे न पाहता गॅस वाढवला. बिया तेव्हा नीट चालल्या होत्या. दोनशे ग्रॅम चांगली कॉफी करपून गेली. त्या दिवसापासून मी आधी नाक आणि कान यांचे ऐकतो आणि मगच पडद्याकडे पाहतो.

आर्टिसन ही मुक्त आणि मोफत आज्ञावली विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, हे आपण वाचलेच असेल. तापमापकाचा आकडा तिच्यापर्यंत पोहोचवायला फिजेटसारखे तयार यूएसबी उपकरण जोडता येते किंवा अर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डवर स्वतः जुळणी करता येते. स्वस्त जुळणीत थर्मोकपलचा आकडा वाचायला बहुधा मॅक्स ६६७५ ही चिप असते आणि तिथेच नवशिक्यांची फसगत होते. ती चिप पाव अंशाच्या पायरीने मोजते. दर सेकंदाला वाचन घेऊन त्यावरून तापवेग, म्हणजे दर मिनिटाला तापमान किती अंशांनी चढते ते, काढला तर पाव अंशाचा एकच ठोका आलेखात १५ अंश प्रतिमिनिट एवढा उंच दिसतो, आणि फर्स्ट क्रॅकच्या सुमारास खरा तापवेग असतो पाच ते दहा अंशांचा. म्हणजे गोंगाटच मूळ आकड्यापेक्षा मोठा झाला. तीस सेकंदांच्या अंतराने वेग काढला तर पायरी अर्ध्या अंशावर येते आणि रेषा शांत होते, मात्र ती पंधरा सेकंदांपूर्वीची परिस्थिती दाखवते. म्हणून आलेखातल्या प्रत्येक खळग्याला गॅसची चावी फिरवून उत्तर देऊ नये. खर्च झेपत असेल तर अधिक बारीक पायरीची मॅक्स ३१८५६ ही चिप घ्यावी.

सुरुवातीला तापमान झपाट्याने उतरून पुन्हा चढताना दिसते, त्या वळणाला टर्निंग पॉइंट म्हणतात. त्या क्षणी बिया थंड झालेल्या नसतात, त्या घातल्यापासून तापतच असतात. तापलेली सळई थंड बियांत सापडल्यामुळे तिचा आकडा उतरतो. याच कारणाने दुसऱ्याच्या आलेखातले अंश आपल्या यंत्रावर लागू पडत नाहीत. पुस्तकी आकड्यांप्रमाणे फर्स्ट क्रॅक १९६ अंशांच्या आसपास होतो, माझ्या ड्रमवर तो २०३ ला दिसतो, आपल्याकडे कदाचित १९० ला दिसेल. एकाच प्रकारच्या बिया पाच वेळा भाजून आपला आकडा ठरवावा. तो दर वेळी दोन अंशांच्या आत येत असेल तर सळई नीट बसली आहे. त्यानंतर आर्टिसनमधली सर्वांत उपयोगी सोय वापरावी: आवडलेल्या घाण्याचा जुना आलेख मागे फिकट ठेवून नवा घाणा त्याच्यावर भाजता येतो. माझ्या मते लॅपटॉप जोडण्याचे खरे कारण एवढेच आहे.

बिया घेताना चिकमगळूर किंवा कोडगूकडील धुतलेली (फळाचा गर पाण्याने काढून सुकवलेली) अरेबिका, व्यापारात जिला प्लांटेशन म्हणतात ती, ए किंवा डबल ए प्रतीची, एकाच मळ्याची पाच किलो एकदम घ्यावी. दाणा सारखा असल्याने भाजणीही सारखी होते आणि पन्नास घाण्यांत बिया हा घटक कायम राहतो. मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी दमट हवेत मुद्दाम मुरवलेली कॉफी, सध्या टाळावी, ती फिकट, फुगलेली आणि हलकी असल्याने रंगावरून व आवाजावरून शिकणाऱ्याला गोंधळात टाकते. आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही कॉफी होते आणि ती कधीतरी आवर्जून भाजून पाहावी, पण हात बसल्यावर. ठाण्याच्या पावसाळ्यात कच्च्या बिया उघड्या पोत्यात ठेवल्या तर ओलावा धरतात, म्हणून जाड, हवाबंद पिशव्यांत किलोकिलोने बांधून ठेवाव्यात.

भाजताना यंत्र सोडून एक मिनिटही उठू नये, खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू असावा, आणि फोलपटांनी पेट घेतलाच तर वीज किंवा गॅस बंद करून भांड्यावर धातूचे झाकण टाकावे, पाणी ओतू नये. बाहेर काढलेल्या बिया स्टीलच्या मोठ्या चाळणीत पंख्याखाली तीन-चार मिनिटांत थंड झाल्या पाहिजेत, नाहीतर त्या स्वतःच्या उष्णतेवर भाजत राहतात आणि वहीतली शेवटची वेळ खोटी ठरते.

वहीत उजवीकडे अर्धे पान कोरे सोडावे. तिथे दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशीची चव, सारखेच प्रमाण आणि सारखेच पाणी वापरून, आपल्या शब्दांत लिहावी: गवताळ, आंबूस, खमंग, करपट, गुळासारखी, जे वाटेल ते. मी पहिली दोन वर्षे हा रकाना रिकामा ठेवला. त्या काळातले दीडशेहून अधिक आलेख माझ्याकडे अजून आहेत आणि त्यांतली कोणती कॉफी चांगली झाली होती हे मला आज सांगता येत नाही.