पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरतो. चालू असतानाच पकड यावी म्हणून राळ (झाडाचा वाळलेला चिकट चीक) लावली तर चालते का?

चालते की. मी लावली होती. तेव्हापासून माझ्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत.

तुम्ही लिहिलंय, "वडील वीस वर्षं तशीच लावतात, बंद पट्ट्यावर राळ नीट पसरत नाही." हे मी ऐकलंय. फक्त आमच्याकडं वडील नव्हते, चुलते होते, आबा, आणि गिरणी नव्हती, गुऱ्हाळ होतं.

१९९४ चा जानेवारी. पन्हाळ्याच्या रस्त्याला आबांचं गुऱ्हाळघर. वीज रात्रीची, त्यामुळं घाणा रात्रभर. पहाटे चारच्या सुमाराला धुकं, रसाचे शिंतोडे, पट्टा ओलसर, आणि दहा हॉर्सपॉवरची मोटार घुमत असताना घाणा मात्र ऊस तोंडात धरून उभा. चुलवाणावर आधण उकळतंय, गूळ करणारा गुळव्या ओरडतोय. अशा वेळी मोटार बंद करा म्हणणाऱ्याला शिव्याच मिळतात. आबांनी राळेचा खडा माझ्या हातात दिला. पट्ट्याला आतल्या बाजूनं टेकवायचा, तो स्वतःच घासून घेतो. ते मी दोन हंगाम बघत आलो होतो. अंगात आईनं विणलेला स्वेटर, बाही मनगटाशी सैल झालेली.

पट्ट्याची दोन टोकं जोडायला लोखंडी दात्यांचा फास्नर होता, त्याचे दोन दात वर आलेले. ते माहीत होतं सगळ्यांना, कारण जोड पुलीवरनं जाताना टक् टक् वाजायचा. त्या दातात बाहीचा धागा अडकला. पुढचं मला क्रमानं आठवत नाही. खडा कुठं गेला ते आठवत नाही. हात मोटारीच्या पुलीकडं गेला, पट्टा पुलीवर चढतो त्या कोपऱ्यात, आणि तळव्यापर्यंत आत गेला. तेवढ्यात पट्टा पुलीवरनं उतरला. ज्या ढिलेपणासाठी राळ लावत होतो त्याच ढिलेपणानं हात वाचवला. कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

नंतर हिशोब केला. पाच इंची पुली, मिनिटाला १४४० फेरे, म्हणजे पट्टा सेकंदाला साडेनऊ मीटर पळतो. "हात चटकन मागं घ्यायचा" म्हणणाऱ्यांनी अर्ध्या सेकंदात पंधरा फूट पट्टा निघून जातो हे एकदा मोजून बघावं.

आणि आबा काय म्हणाले? दवाखान्यातच म्हणाले, "स्वेटर घालून पट्ट्याजवळ कोण जातंय रं?" तीस वर्षं घरात हेच चालतं. लग्नकार्यात कुणी बोटांचं विचारलं की आबा स्वेटरचं सांगतात. पट्ट्याची जाळी हंगामाच्या सुरुवातीलाच काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावली होती, कारण तिच्यात चिपाड अडकायचं, हे कधी सांगत नाहीत.

पुढं कोल्हापूरजवळ शिरोलीत एका फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात लोखंड ओतायच्या कारखान्यात, मेंटेनन्सला लागलो. तिथं सांडलेली वाळू ती वाहून नेणाऱ्या चालू पट्ट्याखालनं फावड्यानं ओढणारे बघितले. आधी फावडं जातं, मागोमाग माणूस, कारण माणूस फावडं सोडत नाही. तिथंच १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट हातात आला आणि कलम २२ वाचून मी हसलो. चालत्या पट्ट्याजवळ फक्त खास शिकवलेला माणूस जाणार, अंगात घट्ट कपडे घालून, आणि ते कपडे मालकानं द्यायचे! पट्टा १५ सेंटीमीटरपेक्षा रुंद असेल तर चालत्या पुलीवर त्याला हात लावायचाच नाही. जोड वादीनं शिवलेला, नाहीतर पट्ट्याच्या पातळीत. आमचा पट्टा सहा इंची, म्हणजे १५.२४. जोड तर सांगितलाच. मी ते पान झेरॉक्स करून आबांना दिलं. म्हणाले, "आपली काय फॅक्टरी हाय व्हय?" तेवढं खरं आहे, चार माणसांच्या गुऱ्हाळाला तो कायदा लागत नव्हता. तुमच्या गिरणीलाही बहुधा लागला नसता. पण पट्ट्याला कुठं माहीत असतं?

तुमचं काम: राळेनं पट्टा चार दिवस धरतो, मग तिच्यावर पीठ बसून चकाकी येते आणि जास्तच घसरतो. मोटार रुळावर मागं सरकवून ताण द्या, तेल लागलंय का बघा, दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी धरून बघा. हे सगळं मोटार बंद करून, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवून. नुसता स्टार्टर बंद केला तर दळण घेऊन आलेला कुणीतरी हिरवं बटण दाबतो. आणि दळणाला बायका येतात, पदर, ओढणी असते, पोरं बरोबर असतात, म्हणून जाळी हवीच. असेल आणि काढून ठेवलेली असेल तर आज लावा.

सगळे चुलते सारखे नसतात, तुमचे वडील कदाचित सांभाळून करत असतील. आबाही सांभाळूनच करायचे, चाळीस वर्षं, आणि मग एके दिवशी खडा माझ्या हातात दिला. तुमच्याकडं तो खडा पुढं कुणाच्या हातात जाणार आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

जोड फास्नरचा आहे की शिवलेला, तेवढं कळवा. आणि पट्टा चपटा आहे की व्ही, म्हणजे पुलीच्या खाचेत बसणारा निमुळता? व्ही असेल तर राळेचा विषयच सोडा.