हार्डवेअरच्या दुकानात काय विचारायचं

पहिली दुरुस्ती स्वतः करायची ठरवलीत, फार छान. दुकानात अनोळखी माणसाला विचारायला लाजू नका. काउंटरपाशी उभ्या असलेल्या प्लंबर-सुतारांकडूनच मी निम्मं काम शिकलो.

जुना भाग सोबत न्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं "नळ गळतोय" म्हणालात तर चार जण चार उपाय सांगतील. झिजलेला वायसर (नळातली रबरी चकती) तळहातावर ठेवलात की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. भाग नेता येत नसेल तर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

आणि "कसं करू?" यापेक्षा "यात नवखा माणूस कुठे चुकतो?" असं विचारा. या प्रश्नावरच एका प्लंबरने मला टेफ्लॉन टेप (आट्यांतून पाणी गळू नये म्हणून लावायची पातळ पांढरी पट्टी) गुंडाळून दाखवली होती: नळाचे आटे आपल्याकडे तोंड करून धरायचे, टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून गोळा होते. हे वाचून कळलं नसतं, हाताकडे बघून कळलं.

नेहमीच्या चुका:
- अंदाजाने माप सांगणं. स्क्रूसाठी भिंतीत बसवायच्या 6 मिमीच्या प्लगला 6 मिमीचंच ड्रिल बिट लागतं.
- एकाच सल्ल्यावर ढीगभर सामान घेणं. दुसऱ्यालाही विचारा.
- घाईत असलेल्या कारागिराला अडवणं.

वायरिंग आणि गॅस मात्र ऐकीव माहितीवर अजिबात उघडू नका, तिथे जाणकारच बोलवा. बाकी नळाला हात लावण्याआधी पाण्याचा मुख्य कॉक बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या.