स्टालिनच्या काळात कोणाला पकडायचे आणि कोणाला गोळी घालायची, हे ठरत कसे होते?

शेजाऱ्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चुगल्यांमुळे एवढी माणसे मेली का, असा तुमचा प्रश्न आहे. चुगल्या होत होत्या, त्यातून जीवही गेले. पण १९३७-३८ मधल्या बहुतेक मृत्यूंचे कारण ते नव्हे. तिथे आधी आकडा ठरला आणि मग त्यात बसवायला माणसे शोधली गेली.

जुलै १९३७ च्या सुरुवातीला पॉलिटब्युरोने (कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च समितीने) प्रांतोप्रांतीच्या पक्षसचिवांना तार केली. हद्दपारी भोगून परतलेले कुलक (सामूहिक शेतीच्या सक्तीत 'श्रीमंत शेतकरी' असा शिक्का बसलेले लोक) आणि गुन्हेगार किती आहेत, त्यांपैकी कितींना गोळी घालायची आणि कितींना हद्दपार करायचे, हे पाच दिवसांत कळवा. ३० जुलैला गुप्त पोलिसांचा, म्हणजे एनकेव्हीडीचा, प्रमुख येझोव याने आदेश क्रमांक ००४४७ वर सही केली. पॉलिटब्युरोची मंजुरी दुसऱ्याच दिवशी मिळाली.

त्या आदेशात प्रांतवार तक्ता आहे. 'पहिली श्रेणी' म्हणजे गोळी: एकूण ७५,९५०. 'दुसरी श्रेणी' म्हणजे ८ ते १० वर्षे छावणी किंवा तुरुंग: १,९३,०००. एकट्या मॉस्को प्रांताच्या वाट्याला ५,००० आणि ३०,०००. खर्चाला साडेसात कोटी रूबल, त्यातले अडीच कोटी रेल्वेभाड्याचे. बहुतेक प्रांतांत ५ ऑगस्टला सुरुवात आणि चार महिन्यांत काम संपवायचे. खरे तर हा आदेश एखाद्या खात्याच्या वार्षिक नियोजनासारखा वाचता येतो, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

नावे आली कुठून? मुख्यतः एनकेव्हीडीच्या स्थानिक कचेऱ्यांतल्या जुन्या नोंदींतून. माजी कुलक, पाद्री, झारच्या काळातले अधिकारी, इतर पक्षांचे जुने सभासद, आधी शिक्षा झालेले लोक, यांची टिपणे तिथे वर्षानुवर्षे साठत होती. ती संपली की पकडलेल्यांकडून मारहाण करून आणखी नावे काढायची. 'सूत्रधार कोण, साथीदार कोण' हा प्रश्न प्रत्येक जबाबात यायचा, त्यामुळे एका अटकेतून दहा अटका निघत. निकाल 'त्रोइका' द्यायची: सर्वसाधारणपणे प्रांताचा एनकेव्हीडी प्रमुख, पक्षसचिव आणि सरकारी वकील असे तिघे. आरोपी समोर नाही, वकील नाही, अपील नाही. एका बैठकीत शेकडो प्रकरणे निकालात निघत, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला मिनिटभरही येत नसे.

आता या यंत्रणेतली मेख. कोटा मॉस्कोच्या परवानगीशिवाय ओलांडायचा नाही, पण वाढवून मागायला मुभा होती. मागे पडणारा अधिकारी शत्रूंबद्दल मवाळ ठरे, आणि मवाळ ठरलेला स्वतः यादीत जाई. मग मागण्यांची चढाओढ लागली. ओम्स्क प्रांताला पहिल्या श्रेणीत १,००० चा आकडा मिळाला होता. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथल्या प्रमुखाने ५,४४४ माणसे त्या श्रेणीत पकडून ८,००० ची मागणी केली. त्या तारेवर स्टालिनने स्वतःच्या हाताने 'मर्यादा ८ हजारांपर्यंत वाढवावी' असा शेरा मारला. म्हणून 'खालच्यांनी अतिरेक केला, वरच्यांना कल्पना नव्हती' हा बचाव टिकत नाही.

याच्या जोडीला राष्ट्रीयतेनुसार मोहिमा चालल्या. सर्वांत मोठी पोलिश लोकांविरुद्धची, आदेश ००४८५, ११ ऑगस्ट १९३७. तिथे आकड्याची मर्यादाच नव्हती. प्रांतातून नावांचे 'अल्बम' मॉस्कोला जायचे आणि येझोव व महाअभियोक्ता विशिन्स्की यांच्या नावाने मंजूर व्हायचे. शिक्षा झालेल्या १,३९,८३५ पैकी १,११,०९१ जणांना गोळी घातली. पुढे एक लाखावर प्रकरणे सह्यांवाचून तुंबली, म्हणून सप्टेंबर १९३८ मध्ये प्रांतांतच खास त्रोइका नेमल्या.

पक्षातले आणि नाव असलेले लोक वेगळ्या वाटेने गेले: स्टालिन आणि त्याच्या निकटवर्तीयांनी सह्या केलेल्या याद्या, मग सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळापुढे काही मिनिटांचा देखावा. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय याच वाटेने गेले. लेनिनग्राडमध्ये मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करणाऱ्या या क्रांतिकारकाला २ सप्टेंबर १९३७ रोजी गोळी घातली गेली.

१७ नोव्हेंबर १९३८ च्या ठरावाने त्रोइका बंद झाल्या. सोव्हिएत नोंदींप्रमाणे दोन वर्षांत ६,८१,६९२ मृत्युदंड झाले. कोठडीत आणि छावणीत मेलेले यात धरलेले नाहीत. येझोवलाही फेब्रुवारी १९४० मध्ये गोळी घातली.

या काळातली कौटुंबिक कागदपत्रे कुठे वाचलीत तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोळी घातलेल्यांच्या नातेवाइकांना 'पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षे' असे सांगितले जाई. दहा वर्षे सरत आल्यावर आजाराने वारल्याचे कळवले जाई, आणि १९५५ मध्ये तर मृत्यूची खोटी तारीख व खोटे कारण नोंदवण्याची रीतसर सूचनाच निघाली. त्यामुळे १९३७ मध्ये पकडलेल्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर १९४२-४४ ची तारीख आणि 'न्यूमोनिया' दिसला, तर त्यावर विसंबू नका. १९८० च्या दशकाच्या अखेरीनंतर दिलेला दाखला किंवा मूळ फाइलमधला शिक्षा अंमलात आणल्याचा कागद शोधा.