नोटीस लागली होती म्हणे, आम्हाला कळलंच नाही

सोलापूरच्या कॉलेजांतून आलेल्या या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच गाऱ्हाणं आहे, तारीख निघून गेली. मार्क कमी पडले म्हणून संधी गेली असं लिहिणारे थोडे, दाखला वेळेवर नव्हता नाहीतर बातमीच पोचली नाही असं लिहिणारे खूप. हे मला फार लागतं, कारण अभ्यास करूनही पोरगं मागे राहतं ते एका कागदापायी. म्हणून या अंकात उत्तरं जरा लांब झालीत, आणि स्टाफचे प्रश्नपण मुद्दाम घेतलेत, कॉलेजात शिपाई आहेत, लायब्ररीवाले आहेत, तासिकेवरचे (तासावर पैसे मिळणारे) सर-मॅडम आहेत, त्यांच्या संधीबद्दल कुणी लिहीतच नाही.

ताई, मी कुंभारीच्या रे नगरमधून येते, बी.कॉम. पहिल्या वर्षाला आहे. आई बिड्या वळते, वडील लूमवर होते पण आता काम बंद आहे. बिडी कामगारांच्या मुलांना वेगळी स्कॉलरशिप असते असं मैत्रीण म्हणाली, कॉलेजात विचारलं तर महाडीबीटी (राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल) भर म्हणाले. आणि मुलींची फी तर माफच झालीय ना, मग फॉर्म कशाला भरायचा?

मैत्रीण बरोबर बोलली बघ. ही स्कॉलरशिप केंद्राच्या कामगार मंत्रालयाची आहे त्यामुळे महाडीबीटीवर कितीही शोधलीस तरी सापडणार नाही, ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असते, सगळे एनएसपी म्हणतात ते. पहिलीच्या पोरापासून मेडिकलच्या पोरापर्यंत मिळते, पहिली ते चौथीला वर्षाला १,००० रुपये, अकरावी-बारावीला ३,०००, तुझ्यासारख्या डिग्रीच्या मुलीला ६,००० आणि बी.ई., एमबीबीएस, एमबीए असल्या कोर्सला २५,०००. घरात धाकटी भावंडं असतील तर त्यांचेपण फॉर्म भर, बऱ्याच घरांत फक्त मोठ्या पोरीचा भरतात आणि बाकीच्यांचं राहून जातं.

आता अटी नीट वाच. आईनं बिडीचं काम किमान सहा महिने केलेलं पाहिजे आणि तिचं बिडी कामगाराचं ओळखपत्र पाहिजे, ते नसेल तर पहिलं काम तेच, आई जिथं माल देते त्या कारखान्यातून आणि बिडी कामगारांच्या वेलफेअर दवाखान्यातून चौकशी सुरू कर. तू मागची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली पाहिजेस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरी कुठली स्कॉलरशिप घेत असशील तर ही मिळत नाही. म्हणजे तुझ्या जातीच्या प्रवर्गातून महाडीबीटीवर काय मिळतंय, त्यात फी किती सुटते, हातात किती येतात हे आधी ऑफिसमधून लिहून घे, दोन्ही शेजारी शेजारी ठेव आणि जी जास्त फायद्याची ती एकच भर. दोन्ही भरून बघू, जी येईल ती येईल, असं करू नकोस, त्यात दोन्हीकडं अडकतेस.

फी माफीचं म्हणशील तर ती २०२४-२५ पासून आली हे खरं, पण ती व्यावसायिक कोर्सला कॅप राऊंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) अ‍ॅडमिशन घेतलेल्या मुलींसाठी आहे, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसीतल्या, आणि घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत पाहिजे. साध्या बी.कॉम.ला तो निर्णय लागू नाही. आणि ज्यांना लागू आहे त्यांनापण फॉर्म भरावाच लागतो गं, फॉर्म न भरता काहीच माफ होत नाही.

अजून एक, बँकेचं. "खातं आधारला लिंक आहे" एवढ्यावर बसू नको. सरकारी पैसे तुझ्या आधारला डीबीटीसाठी (पैसे थेट खात्यात यायला) जे खातं शेवटचं जोडलंय त्यातच जातात, मग ते खातं कधीतरी मोबाईलच्या दुकानात उघडलेलं का असेना. बँकेत जाऊन सरळ विचार, माझ्या आधारचं डीबीटी कुठल्या खात्याला आहे. आणि फॉर्म सबमिट केल्यावर कॉलेजनं तो ऑनलाईन पुढं पाठवला का हे स्टेटसमध्ये बघत राहा, कॉलेजच्या लॉगिनला पडून राहिलेला फॉर्म भरला न भरल्यासारखाच. उत्पन्नाचा दाखला जून-जुलैच्या गर्दीत मिळत नाही, पुढच्या वर्षीचा आत्ताच डोक्यात ठेव.

एम.कॉम.ला आहे. ओजेटीसाठी (कोर्समधल्या कामाच्या प्रत्यक्ष ट्रेनिंगसाठी) जागा मिळत नाही. एकजण म्हणतो पैसे दे, घरी बस, सर्टिफिकेट देतो. वर्गातले बरेच जण तेच करणार आहेत. काय करू?

नको करूस. मनापासून सांगते, नको. ओजेटी ४ क्रेडिटची असते, १ क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास होतात, एवढ्या तासांत तू खऱ्या ऑफिसात बसून जीएसटीची रिटर्न कशी भरतात, बिलं कशी लावतात, बँकेचा ताळमेळ कसा घालतात हे बघितलंस तर उद्या मुलाखतीत तोंड उघडेल तुझं. विकतच्या सर्टिफिकेटवर व्हायवाला (तोंडी परीक्षेत) पहिल्याच प्रश्नाला फजिती होते आणि कॉलेजनं त्या जागी फोन केला तर सगळं सेमिस्टर धोक्यात.

जागा मिळत नाही म्हणतोस तर शोधतोस कुठं हे बघ. सगळे बँकांच्या मागं लागतात आणि तिथं नकार आला की संपलं. नव्या पेठेतल्या मोठ्या दुकानांचा हिशेब कोण लिहितं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या युनिटमध्ये अकाऊंट कोण बघतं, चिंचोळी एमआयडीसी, गावाकडचा साखर कारखाना, पतसंस्था, सीए आणि टॅक्सवाल्यांची ऑफिसं, हॉस्पिटलचं बिलिंग, मार्केट यार्डातले अडते. टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्याकडं बसलास तर परदेशातलं बिल, शिपिंगचे कागद हे पुस्तकात न मिळणारं शिकशील. कॉलेजच्या लेटरहेडवर विनंतीपत्र घे, नुसतं "काम आहे का" विचारत फिरू नको, पत्रात तारखा आणि तास लिहिलेले असले की मालकाला कळतं की हा पगार मागायला आलेला नाही. रोजची डायरी रोज लिही, सही आठवड्याला घे. रिटर्नच्या तारखांच्या आसपास सीए ऑफिसात कुणी शिकवायच्या मूडमध्ये नसतं, ते दिवस टाळून जा.

ताई, मी पंढरपूर भागातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. वय ३४. सेट (प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा) थोडक्यात हुकते. पीएच.डी. धरावी की सेटच्याच मागं लागावं? घरचे म्हणतात सोडून दे.

सर, तुमच्यासारख्या तासिकेवरच्या लोकांच्या जिवावर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कॉलेजं चालतात आणि वर्षअखेरीला तुमच्या हातात धड अनुभवाचं पत्रपण नसतं, हे मला बिलकुल पटत नाही. म्हणून आधी तेच सांगते. दरवर्षी नेमणुकीची ऑर्डर, विद्यापीठाची मान्यता आली असेल तर तिची कॉपी, आणि किती तास घेतले त्याचं पत्र त्याच वर्षी मागून घ्या. प्राचार्य बदलले की जुनं पत्र मिळायला नाकी नऊ येतात.

आता सेट की पीएच.डी. १ जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरच्या नेमणुकीला नेट (तशीच देशपातळीवरची परीक्षा), सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. असलीच पाहिजे असं नाही. त्यामुळे माझं स्पष्ट मत, सेट आधी. मात्र सेटमध्ये नुसतं पास होऊन भागत नाही, ओपनला ४० टक्के आणि राखीवला ३५ टक्के ही फक्त उंबरठ्याची अट झाली, त्यापुढं परीक्षेला बसलेल्यांपैकी ६ टक्केच पात्र धरतात आणि तेही विषयवार, प्रवर्गवार. थोडक्यात हुकतं ते इथं. आणि भाषेचे शिक्षक कुठं हुकतात तर पेपर एकमध्ये. पेपर दोनला २०० मार्क, तिथं तुम्ही सगळे सारखेच तयार असता, पण पेपर एकचे १०० मार्क, त्यातलं डेटा इंटरप्रिटेशन, लॉजिक, आयसीटी, संशोधन पद्धती याला "आपलं नाही ते" म्हणून सोडून देता. तिथं थोडे मार्क वाढले तरी निकाल बदलतो. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा.

नेटचा फॉर्मपण सोडू नका. जून २०२४ पासून नेटचे मार्क पीएच.डी. प्रवेशाला धरतात, ७० टक्के वजन नेटच्या मार्कांना आणि ३० टक्के मुलाखतीला, आणि नुसत्या पीएच.डी.साठी पात्र झालात तर तो स्कोअर एक वर्ष चालतो. जेआरएफला (नेटमधून मिळणाऱ्या संशोधनाच्या फेलोशिपला) वयाची अट ३० आहे, ओबीसी नॉन क्रिमीलेअर, एससी, एसटी आणि महिलांना ५ वर्षांची सूट, तुम्ही त्यात बसत असाल तर अजून वेळ आहे, महिन्याला ३७,००० म्हणजे थोडी रक्कम नव्हे. असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेला मात्र वयाची अटच नाही, घरच्यांना हे सांगा. पीएच.डी.ला नोंदणी झाल्यावर तुमच्या प्रवर्गाप्रमाणं बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती बघत राहा, त्या जाहिराती ठरलेल्या महिन्यातच येतील असं धरून बसू नका. सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते, नेट देशभर, एवढा फरक लक्षात असू द्या. सोडू नका सर.

लायब्ररीत शिपाई आहे. बारावी झालीय. पुढं शिकलो तर काही उपयोग होईल का, का नुसता खर्च? कॉलेजात रेग्युलर बसता येत नाही.

उपयोग होतो दादा, पण कोर्स विचार करून घ्या. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नेमकं नोकरी करणाऱ्यांसाठीच काम करतंय, त्याची अभ्यासकेंद्रं बऱ्याच कॉलेजांत असतात, तुमच्याच कॉलेजात आहे का बघा. यूजीसीची मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची डिग्री रेग्युलर डिग्रीइतकीच धरतात, कुणी "ती डिग्री चालत नाही" म्हणालं तर ऐकू नका. तुम्ही पुस्तकांतच वावरता, तर आधी बी.ए. करा आणि मग बी.लिब. (लायब्ररीची डिग्री), रॅकवरची पुस्तकं आणि वर्गीकरणाचे आकडे तुम्हाला आत्ताच पाठ असतील. क्लार्कच्या जागेकडं डोळा असेल तर डिग्रीबरोबर टायपिंग लागतं, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द, आणि एमएससीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स. टायपिंग आधी करा, ते हातात यायला वेळ लागतो.

फक्त एक पाळा, अ‍ॅडमिशनच्या आधी प्राचार्यांकडं लेखी अर्ज देऊन परवानगी घ्या आणि त्याची पोच सर्व्हिस बुकच्या कागदांबरोबर ठेवा. तोंडी "कर की" म्हणालेलं प्रमोशनच्या वेळी कुणाला आठवत नाही.

बी.एस्सी. दुसरं वर्ष, गाव नान्नजजवळ. आविष्कारमध्ये (विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत) भाग घ्यायचाय पण आमच्या लॅबमध्ये मोठी मशीन नाहीत. पुण्या-मुंबईच्या पोरांपुढं टिकणार का?

मशीन नसू दे रे, तुझ्या दारात विषय आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, तो माळ तू लहानपणापासून बघतोस, गवताच्या जाती कुठल्या, कुठं चराई जास्त, कुठं झाडं लावल्यानं माळ बदलला हे कुणी बाहेरून येऊन चार दिवसांत सांगू शकणार नाही. अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी, ती काढायला वेळ धर. ते जमत नसेल तर डाळिंब घे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आपल्या विद्यापीठाच्या बाजूलाच, तिथल्या शास्त्रज्ञांना गाईडच्या सहीचं पत्र घेऊन भेट. नाहीतर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली, तिच्या साठवणुकीवर काम कर.

आविष्कारमध्ये सहा गट असतात, भाषा-मानव्यविद्या, कॉमर्स-लॉ, शुद्ध विज्ञान, शेती-पशुपालन, इंजिनिअरिंग आणि मेडिकल-फार्मसी. तुझा विषय दोन गटांत बसू शकतो, शेतीच्या गटात जास्त शोभेल का हे सरांना विचार. परीक्षकाला नवा प्रश्न आणि प्रामाणिक नोंदी पाहिजे असतात. पोस्टरवर मजकूर कोंबू नको. मराठीत बोलायची सोय असेल तर बेधडक मराठीत बोल.

मोहोळहून रोज एसटीनं येतो. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेतलं तर घरी जायला उशीर होईल. घ्यावं का?

घे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि ७ दिवसांचं निवासी शिबिर एवढाच हिशेब आहे, रोजचं काम नाही. शेवटच्या गाडीची वेळ प्रोग्राम ऑफिसरला पहिल्याच दिवशी सांगून ठेव. एसटीच्या पासात विद्यार्थ्याला तिकिटाच्या ३३.३३ टक्केच भरावे लागतात, आणि जून २०२५ पासून पास कॉलेजातच द्यायची सोय एसटीनं सुरू केलीय, तुमच्या ऑफिसनं यादी दिली नसेल तर द्यायला लावा.

मी कॉलेजात स्कॉलरशिपचं काम बघते. आम्ही नोटीस लावतो, ग्रुपवर टाकतो, तरी मुलं शेवटच्या दिवशी येतात आणि बोल आम्हाला लावतात. अजून काय करायचं?

मॅडम, तुमच्यावर किती ताण असतो हे कळतं मला. २००४ च्या आधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, तेव्हा अंतराचं कारण होतं, आता विद्यापीठ पुणे रोडवर आहे आणि बातमी मोबाईलवर आहे, तरी पोचत नाही, कारण आपली नोटीस सरकारी भाषेत असते. "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की" इथंच पोरगं वाचायचं सोडतं. पहिल्या ओळीत लिहा कुणासाठी, दुसऱ्या ओळीत किती पैसे, तिसऱ्या ओळीत कुठले कागद, मग तारीख. परिपत्रकाची पीडीएफ नंतर जोडा.

आणि आपल्या शहरात घरोघरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात, फॉर्मला आईवडिलांचा कागद लागतो तो आणायचा तर त्यांना कळलं पाहिजे. स्टाफमधल्या कुणाला तरी एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज तेलुगूत आणि कन्नडमध्ये करायला सांगा, पोरं तो घरी ऐकवतात. तारखेच्या आठ दिवस आधी वर्गात जाऊन सांगायचं काम एनएसएसच्या मुलांना द्या, पुढच्या बाकावरच्यांना आधीच माहीत असतं, मागं बसणाऱ्यांना आणि गावाहून उशिरा येणाऱ्यांना गाठायला सांगा. फॉर्म रिजेक्ट झालेल्यांची यादी, कारणासकट, वेगळी लावा, कारण दुरुस्तीची मुदत संपल्यावर कळून त्या मुलाला काही उपयोग नसतो.